दुसऱ्यांदा मारलेली मिठी

फुटबॉलचा सामना संपला आणि दोन्ही संघांचे प्रशिक्षक हसत एकमेकांकडे निघाले. आठवडाभर पेपरातून एकमेकांची अक्कल काढणारी ही माणसं, आता मात्र थेट गळाभेट! "याला म्हणतात खिलाडूवृत्ती," माझ्या शेजारी बसलेले काका गहिवरले. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "सर, फोटो हलला. परत एकदा मिठी मारा की!"

दोघं निमूट मागे सरकले आणि तितक्याच उमाळ्यानं पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडले. लग्नात हार अर्धवट घालून कॅमेऱ्याकडे बघत थांबणारे नवरानवरी तरी बरे, निदान ते लाजतात. आपल्याकडे आदर म्हणजे शाल आणि नारळ. देणारा कॅमेऱ्याकडे बघतो, घेणाराही कॅमेऱ्याकडेच बघतो, आणि नारळ बिचारा मधल्या मधे लोंबकळत राहतो.

खरा आदर मी उत्तरार्धातच पाहिला होता. समोरच्या पोरांनी सुरेख पास देत बचावफळी कापली आणि गोल केला, तेव्हा हरत असलेल्या संघाच्या प्रशिक्षकाचे दोन्ही हात नकळत टाळीसाठी वर आले. टाळी वाजायच्या आत त्यानं चपापून इकडेतिकडे पाहिलं आणि चोरी पकडली जावी तसे हात खिशात घातले. त्या दिवशी त्यानं मनापासून केलेली तेवढी एकच गोष्ट, आणि तीही अर्धवट.

दुसऱ्या दिवशी पेपरात मिठीचा फोटो आला. छान आला होता. अजिबात हलला नव्हता.