हायेत का घरी?

आष्टीच्या गावरेडिओचा आवाज बारा-पंधरा किलोमीटरवर जाऊन दमतो. पण तेवढ्या टापूत संघपाल राजा होता. रोज सकाळी सातला तो माईकसमोर बसायचा आणि म्हणायचा, "हायेत का घरी?" मग चार-पाच आकडे मोजून होईपर्यंत गप्प. त्यानंतर कुणाची शेळी हरवली, शेतीची लाईट किती वाजता येणार, बाजारात कापसाला काय भाव फुटला, सगळं सावकाश सांगायचा.

ते वाक्य त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. त्याचा आजा भिवा गावात दवंडी द्यायचा. रस्त्यात उभं राहून "ऐका हो ऐका" ओरडायचं, उंबऱ्याला मात्र कुणाच्या पाय लावायचा नाही. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि भिवानं हलगी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. रेडिओ सुरू झाला तेव्हा कुणीतरी हौशीनं सुचवलं, सुरुवात "ऐका हो ऐका"नं करा, मजा येईल. संघपालची आई चांगुणाबाई उसळली. "आज्यानं टाकलेलं तू उचलतो का? पाव्हण्यावानी जा. दाराशी विचार, हायेत का घरी. अन् मंग थांब. आतून 'हाय' आलं की बोल."

आता अंतरा नावाच्या पोरीचं. परतूरच्या बँकेतल्या भालचंद्ररावांची ही मुलगी. गावरेडिओवर शिकायला आली तेव्हा माईक पाहून तिला घाम फुटायचा. माईक तोंडापासून किती लांब धरायचा, श्वास कुठं घ्यायचा, हरवलेल्या शेळीची बातमी हसू न येऊ देता कशी वाचायची, सगळं संघपालनं शिकवलं. दोन वर्षं शिकली आणि जालन्याच्या मोठ्या एफएमवाल्यांनी तिला उचललं. संघपालनं पेढे वाटले. तोवर ठीक होतं.

मग एक दिवस वाटूर फाट्यावर बसची वाट बघताना त्यानं मान वर केली. बसपेक्षा मोठा अंतराचा फोटो, आणि खाली हातभर अक्षरांत: हायेत का घरी?

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं कानाला मोबाईल लावून तिचं स्टेशन ऐकलं. तेच वाक्य, मागं ढोलकी, पुढं लगेच साबणाची जाहिरात. गाडीत बसून ऑफिसला निघालेल्या माणसाला ही बाई विचारते, घरी आहात का! आणि लोक खूश. सगळ्यात वाईट म्हणजे तिनं चोरून काही केलंच नव्हतं. तिचा फोन आला होता, "सर, तुमची ओळ इथं सगळ्यांना इतकी आवडली!" ती वाईट असती तर त्याला निदान मोकळेपणानं चिडता तरी आलं असतं.

संघपाल जळत राहिला. तिच्या फोटोवर जळला, तिच्या स्टेशनच्या एसीवर जळला, जिल्हाभर पोचणाऱ्या तिच्या टॉवरवर तर फारच जळला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. त्याचं पीक तर दुसऱ्याच दुकानात विकलं जात होतं. त्यातच एका सकाळी गावातल्या सूरजचा फोन थेट कार्यक्रमात लागला. "संघपालभाऊ, राग मानू नका, पण तुम्ही बिलकुल अंतराताईची नक्कल करून राह्यले!"

झालं. त्या दिवशी त्यानं ठरवलं, ते वाक्य आता तोंडातून काढायचं नाही. तुमचा एफएम तर आमचाही एफएम! दुसऱ्या दिवशी सातला त्यानं वाजंत्री लावली आणि दम न खाता सुरू झाला, "गुड मॉर्निंग आष्टी! कसे आहात, मस्त ना?" लगेच पहिली बातमी दिली: डोळ्यांच्या शिबिराची गाडी आज साडेआठला शाळेपाशी येणार, मोतीबिंदूवाल्यांनी आधारकार्ड घेऊन यावं. सगळं त्यानं एका दमात उरकलं. आपण अंतरापेक्षा जलद बोललो, याचा त्याला आनंदही झाला.

साडेनऊला कळलं, सोनूबाई गाडीला आलीच नव्हती. सत्तरीची एकटी म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तीन महिन्यांपासून त्या गाडीची वाट बघत होती. पुढची गाडी आणखी तीन महिन्यांनी.

संघपाल तिच्या घराकडे जवळजवळ पळतच गेला. दाराशी उभा राहिला आणि सवयीनं तोंडातून गेलं, "हायेत का घरी?"

आतून आवाज आला, "हाय की! ये बाबा. आज सकाळी कुठं गेल्तास?"

"मीच होतो, मावशी. गाडीचं सांगितलं की मी."

"तो तू व्हतास?" म्हातारी उंबऱ्यापर्यंत चाचपडत आली. "मला वाटलं, ते शहरातलं स्टेशन लागलं. बंद केला मंग."

संघपालला मान वर करवेना. तरी हेवा मोठा वाईट, त्याही वेळी त्याला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "पण मावशी, तिथली अंतरा बी हेच विचारती की. हायेत का घरी."

"विचारती," सोनूबाई म्हणाली. "मी पयल्या दिवशी म्हणले की, हाय. तवर तिचं साबणाचं चालू झाल्तं. तिला कुठं ऐकायचं असतं? तू थांबतोस. मी रोज हाय म्हनते, मंगच तू बोलतोस."

नऊ वर्षं तो थांबत आला होता. पण त्या गप्प जागेत कुणी खरंच उत्तर देत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. चांगुणाबाईनं सांगितलं होतं, तेवढं तो करत होता. अंतरालाही त्यानं वाक्य शिकवलं होतं. थांबायचं कशासाठी, ते त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, तर तिला काय शिकवणार?

जालन्याच्या दवाखान्यात तुम्हाला मीच घेऊन जातो, असं त्यानं सोनूबाईला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी नेलंही. जाताना वाटूर फाट्यावर अंतराचा फोटो दिसला तेव्हा तो पुन्हा जळलाच. ते जळणं काही जायचं नाही.

पण त्याआधी, दुसऱ्याच सकाळी सातला तो माईकसमोर बसला.

"हायेत का घरी?" म्हणाला, आणि सोनूबाईला चुलीपासून उठून बोलायला वेळ लागतो म्हणून दहापर्यंत आकडे मोजले.