बारा फुटांचं अंगण आणि दीडशेची लेन्स

औंढ्याच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या गावात ही गोष्ट आता उलटी सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यांत माझी बायकोही आहे.

मी साखऱ्याचा. सेनगावला माझं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ते मी उभं केलं. त्यात वडिलांकडून आलेलं एक कुलूप तेवढं आहे, आणि त्याची किल्ली हरवलेली आहे. भाव करायला मी मामाकडे शिकलो. मामा हिंगोलीच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचा. त्याची शिकवण थोडक्यात होती. जो बैल घ्यायचा त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या शेजारच्याकडे बघायचं. त्याचे दात मोजायचे, त्याचीच खोड काढायची, आणि जाता जाता हवा तो स्वस्तात सोडवून घ्यायचा. मात्र आपण बोललेला भाव समोरच्यानं मान्य केला की माघार नाही. बैल लंगडा निघाला तरी दावं हातात धरायचं.

कॅमेरा मी मागून घेतलेला नाही. परभणीला एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मी त्याचं काचेचं काउंटर आणि खुर्च्या दुकानासाठी उचलल्या. काउंटरच्या खालच्या खणात एक चौकोनी, जड, काळा डबा निघाला. रुंद फिल्म लागणारा जुना कॅमेरा. वरून झाकण उघडून खाली बघायचं, डोळ्याला लावायचा नाही. लेन्स नव्हती. लेन्सच्या जागी भोक होतं. बायको म्हणाली, भंगारात द्या. पण घरात आलेली वस्तू बिनकामाची पडून राहिली की मला जेवण जात नाही.

मी तो नांदेडच्या एका कारागिराला दाखवला. त्यानं सगळ्या चाव्या फिरवून बघितल्या आणि म्हणाला, डबा खणखणीत आहे, लेन्स शोधा. या कॅमेऱ्याच्या दोनच लेन्स आपल्याकडे मिळतात. ऐंशी मिलिमीटरची आणि दीडशेची. ऐंशीची समोरचं मापात घेते. दीडशेची लांबचं जवळ आणते, पण थोडंच घेते. पहिली लेन्स घेणाऱ्यानं ऐंशीची घ्यावी.

मी ऐकून घेणारा माणूस नाही, मोजणारा आहे. त्याला म्हटलं, बारा फुटांवरून किती घेईल? त्यानं कागदावर रेघा ओढल्या. ऐंशीची आठ फुटांच्या थोडं वर. दीडशेची साडेचारसुद्धा नाही.

बारा फूट म्हणजे आमचं अंगण. आधी ते चोवीस फूट होतं. सहा वर्षांपूर्वी माझी आणि दादाची वाटणी झाली, तेव्हा मधून भिंत आली. दादा त्या बाजूला, मी या बाजूला. जुन्या घराचा उंबरा माझ्या वाट्याला आला. भिंतीला दार ठेवलेलं नाही. आई एक महिना माझ्याकडे असते, एक महिना दादाकडे. एक तारखेला ती गाठोडं घेते आणि गल्लीतून वळसा घालते.

कॅमेरा घरी आला तेव्हा आई माझ्याकडे होती. तिनं तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "याच्यात आपल्या समद्यांचा एक फोटो काढ. मी उंबऱ्यात बसते. तुमी दोघं लेकं, दोघी सुना मागं उभं ऱ्हा."

"फोनमध्ये काढतो की, माय. आत्ता."

"फोनात समदे हाईत. भिंतीवर कोनी हाय का?"

भिंतीवर वडील आहेत. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्यांना कापून मोठं केलेलं आहे. त्यांच्या डाव्या कानाजवळ एक परका खांदा आहे. तो कुणाचा, हे वीस वर्षांत कुणाला सांगता आलेलं नाही. हारही त्या खांद्यासकट घालावा लागतो.

तेव्हा मी हिशेब केला. चार माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली तर सात फुटांत मावतात. आम्ही खांद्याला खांदा लावणार नाही, म्हणून आठ धरले. म्हणजे ऐंशीची. यात काही चूक नव्हती. आजही नाही.

नांदेडच्या कारागिरानंच औंढ्याच्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. देवळासमोर त्याचा फोटो काढायचा धंदा होता. फोन आल्यावर तो बुडाला. आता तो त्याच दुकानात फोटोफ्रेमा विकतो. मी गेलो तेव्हा दोन्ही लेन्स काउंटरवर पंच्यावर मांडून ठेवलेल्या होत्या. लहान ऐंशीची, लांब दीडशेची.

"कोनती पायजे शेठ?"

मी लहानीकडे पाहिलंही नाही. लांब उचलली आणि उजेडाकडे धरली.

"हिच्यात धूळ हाय काका."

"देवळापुढं दुकान हाय. माझ्याबी आत धूळ हाय."

"पुढच्या काचेवर डाग हाय."

"त्यो तुमच्या बोटाचा हाय. आत्ताच पडला."

"एवढी जड काहून?"

"काच हाय शेठ. भजं न्हाई."

माणूस हुशार होता, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी घाबरलो नाही. मी दीडशेच्या लेन्ससाठी असा भाव सांगितला की ऐकणाऱ्यानं चिडावं. त्यानं चिडायचं, मी उठायचं, आणि दारात वळून म्हणायचं, जाऊ द्या, ती बारकी पडून आहे ती तरी द्या, गाडीचं भाडं तरी वसूल होऊ द्या. मामाबरोबर मी अशा कितीतरी जोड्या सोडवल्यात.

म्हातारा चिडला नाही. चहाचा कप खाली ठेवून त्यानं हात पुढं केला.

"बराबर. घ्या."

मी त्या हाताकडे बघत राहिलो. भाव माझाच होता. मग मीही हात दिला. दुसरं काय करणार?

"आन् ही बारकी?" मी म्हटलं.

"ती इकायची न्हाई."

"मग हितं मांडली कशाला?"

"तिला हवा लागावी म्हून. तुमी तर तिच्याकडं बघतबी नव्हता." मग लेन्स कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "माझा बाप बी बाजारातच व्हता शेठ. बैलांच्या."

चहाचे पैसे त्यानंच दिले. वर एक रबरी फुगा फुकट दिला. फुग्याला लांब नळी होती. नळी कॅमेऱ्याला जोडायची आणि फुगा हातात दाबायचा, म्हणजे काढणाऱ्यालाही फोटोत उभं राहता येतं. फसवणारा माणूस फुकट वस्तू देतो, हे मला धंद्यात राहून माहीत असायला हवं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो ठरला. फोनच्या फोटोला दादा आला नसता. आईनं त्याला स्टुडिओचा कॅमेरा आहे असं सांगितलं, म्हणून तो धुतलेला सदरा घालून गल्लीतून वळसा घेऊन आला. मागं वहिनी. सहा वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या अंगणात उभा होता. त्यानं आधी भिंतीची माझ्याकडची बाजू बघितली.

"पोपडे निघून राहिले की रे. सारवत न्हाईस का?"

"भिंत तू बांधली."

"ही बाजू तुझी हाय."

आई म्हणाली, "आधी फोटो काढा. मग भांडा."

मी भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो आणि कॅमेऱ्यात खाली बघितलं. काचेवर आई होती. आईच्या मागं दादा होता. वहिनी अर्धी होती. माझी बायको नव्हतीच, आणि मी उभं राहायची जागा तर चौकटीच्या बाहेर कुठंतरी शेजाऱ्याच्या चुलीपाशी होती. मी आणखी मागं सरकायला गेलो. भिंत मागं सरकत नाही.

दादा येऊन माझ्या बाजूला उभा राहिला आणि त्यानंही वाकून काचेत बघितलं.

"उलटं दिसून राहिलं. माय डावीकडची उजवीकडं गेली."

"याच्यात तसंच दिसतं."

"तुला समदंच तसं दिसतं."

मी रागावलो नाही. म्हणजे तेव्हा तरी नाही. मी म्हटलं, "तुझ्या बाजूनं ड्रमवर उभं राहून भिंतीवरून काढतो."

"माझ्या बाजूला ड्रम ठेवायचा न्हाई."

"भिंत दोघांची हाय."

"ड्रमखालची माती माझी हाय."

मग मी रागावलो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. गल्लीतले चारपाच जण दारात येऊन उभे राहिले. वहिनी म्हणाली, गल्लीतच बसू की सगळे, तिथं जागा आहे. आई म्हणाली, "रस्त्यात बसायला मी काय भाजी इकून राहिले?" आणि उंबऱ्यातून हलली नाही.

शेवटी तोड बायकोनं काढली. आधी आईमागं दादा आणि वहिनी. मग त्याच जागी मी आणि ती. दादानं स्वतःचा फोटो स्वतः दाबला. फुगा त्यानं असा आवळला की नळी निघून आली, म्हणून पुन्हा काढावा लागला. नंतर आमचा. आई तासभर एकाच जागी, एकाच तऱ्हेनं बसून होती. हात मांडीवर, पदर डोक्यावर.

फिल्म धुवायला पुण्याला पाठवली. फोटो आले. मी खोटं बोलत नाही, चांगले आले. आईच्या कपाळावरचं गोंदण पहिल्यांदा कुठल्या फोटोत दिसलं. मागची घराची भिंत विरघळून नुसता उजेड झाला होता. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनी बघून विचारलं, कितीचा कॅमेरा? मी सांगितलं नाही.

आईला दोन्ही फोटो दिले. तिनं ते मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ एकावरून दुसऱ्याकडे बघितलं. सदरे वेगळे, सुना वेगळ्या. मधली बाई तीच.

"ह्यात बी मी. त्यात बी मी," ती म्हणाली. "महिन्यानं वाटली ते वाटली. फोटोत बी वाटून घेतली का रे?"

ती रडली वगैरे नाही. फोटो उशाखाली ठेवून ती तांदूळ निवडायला बसली. मी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून औंढ्याला गेलो.

म्हाताऱ्यानं दोन्ही फोटो हातात घेतले. चष्मा बदलला. माझं बोलणं संपेपर्यंत थांबला. ते संपायला बराच वेळ लागला.

"मायचा चेहरा लई झ्याक आला. लांब भिंग चेहऱ्यालाच असतं."

"मला चेहरा नको व्हता काका. अख्खं घर पायजे व्हतं. बारा फुटांत."

"बारा फुटाचं अंगण कोनी केलं?"

"भावानं भिंत घातली."

"आन् दोरी कोनी धरली व्हती?"

दोरी मी धरली होती. सरळ धरली होती. उलट दादाच्या मोजणीनं माझ्याकडे अकराच फूट येत होते. दोन दिवस भांडून मी त्यांचे बारा केले. त्याच रागानं त्यानं भिंतीला दार ठेवलं नाही. पण हे त्या म्हाताऱ्याला विचारायचं काय कारण? तो लेन्स विकतो, जमीन मोजत नाही.

मी म्हटलं, "ती बारकी द्या. ही परत घ्या."

"त्या दिवशी सरळ मागितली असती तर दिली असती. ज्या भावात ही नेली, त्याच भावात."

"त्या दिवशी तर इकायची न्हाई म्हनला."

"तुमी शेजारचीचे दात मोजत व्हता. मी म्हनलं, मोजू द्या."

"मग आता द्या."

"आता तुमाला तीच पायजे हे मला ठावं हाय शेठ," तो म्हणाला, आणि त्यानं भाव सांगितला. त्या भावात बैलजोडी नाही, पण एक वासरू नक्की आलं असतं. मी उठलो. दारात वळलोही. त्यानं हाक मारली नाही.

ती लेन्स अजून त्याच्या काउंटरवर पंच्यावर आहे. मी दर सोमवारी औंढ्याला दर्शनाला जातो. येताना त्याच्या दुकानासमोरून येतो. लेन्सकडे बघत नाही. तिच्या शेजारच्या फ्रेमांकडे बघतो. मागच्या सोमवारी एका फ्रेमचा भाव विचारला आणि तिचा कोपरा उकललाय हेही सांगितलं. तो म्हणाला, उकललाय खरा.

आता आईचा महिना दादाकडे आहे. एक तारखेला ती पुन्हा गाठोडं घेऊन वळसा घालून येईल. गाठोड्यात दोन्ही फोटो असतात. ती ते कुणाच्याच भिंतीवर लावू देत नाही. तिकडे ती दादाला विचारते, दोघं एकात कवा? दादा म्हणतो, त्याला विचार, कॅमेरा त्याचा आहे. इकडे ती मला विचारते. मी म्हणतो, औंढ्याच्या म्हाताऱ्याला विचार.

तेव्हा त्यानं साखऱ्याला यावं. जाण्यायेण्याचं भाडं मी देतो, चहाही देतो. आमच्या उंबऱ्यात आईपुढं बसावं. बारा फुटांत सगळ्यांना घेणारी लेन्स समोर मांडलेली असताना त्यानं तिच्या लेकाच्या हातात दीडशेची का दिली, ते सांगावं. मला सांगू नये, मला सगळं माहीत आहे. तिला सांगावं.