बादलीभर पाणी

शेजारच्या बिल्डिंगचं रिनोव्हेशन चाललंय. खिडकीतून ओल्या सिमेंटचा वास आला आणि हातातला चहा तसाच राहिला.

नदीपलीकडचे ते दोन टॉवर पडले, त्या दुपारी माझा नवरा मिलिंद मॅनहॅटनहून फेरीबोटीने जर्सी सिटीला परतला. दार उघडलं, तर तो नखशिखांत राखेने माखलेला. मी ओरडले, "कार्पेटवर येऊ नकोस! आधी आंघोळ!"

त्या ओरडण्याची मला बरीच वर्षं लाज वाटायची. आता वाटतं, स्मशानातून आलेल्याला आपण आंघोळीआधी घरात घेत नाही. ते माझ्या जिभेला माझ्याआधी कळलं होतं.

त्याला टबात बसवून मी तांब्याने पाणी घालत राहिले. केसांतून ओल्या सिमेंटच्या वासाचं दुधाळ, करडं पाणी संथ उतरत होतं. शेवटी टबचं बूच काढायला वाकले, तर त्याने माझा हात धरला.

"गटारात नको सोडूस. यात माणसं असतील."

दिवस मावळताना आम्ही ते पाणी बादलीत भरून नदीवर नेलं. पलीकडे धूर, अलीकडे सोनेरी, निवांत पाणी. त्याने बादली हळूच कलती केली. निघालेल्या माणसाला आपण 'जा' म्हणत नाही. मी सवयीने म्हणाले, "या."