नियत दिनांकाची वाट

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मौद्याला कामावर होतो. भाची म्हणाली, "मामा, आई सकाळी चहा घेऊन बसली... अन् गेली." हुडकेश्वरला पोचलो तोवर अंगण भरलं होतं. बहुतेक तिचे जुने विद्यार्थी. दारापाशी पारशिवनीकडून आलेली शांताबाई बसली होती. तिची लेक मंदा पूर्वी ताईच्या वर्गात होती. गावाजवळच्या बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साचलं होतं. बकरीमागे धावताना मंदा त्यात पडली, ती वर आलीच नाही. खाणीला कुंपण नव्हतं, आणि ते घालायला मालकाला भाग पाडील असा कायदाही नव्हता.

तो व्हावा म्हणून ताई पुढची कितीतरी वर्षं झटली. निवेदनं, आमदारांच्या भेटी, धरणं... शेवटी नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. मी पेढे घेऊन गेलो. ती म्हणाली, "पास झाला गा, पण लागू कधी होते?" राज्यपालांची संमती मिळाली, कायदा राजपत्रात छापून आला. पण पहिल्याच कलमात म्हटलं होतं की शासन अधिसूचना काढून जो दिनांक नियत करील, त्या दिवशी तो अंमलात येईल. ती अधिसूचना काही निघेना. "नियम तयार होऊन राहिले," एवढंच उत्तर. सत्काराचं विचारायला आलेल्यांना ताई परत पाठवायची. "कायदा कपाटात हाय अन् खाण उघडी. सत्कार कायचा करता?"

असे पावसाळे गेले. मग एकदाची तारीख जाहीर झाली, आणि ताईने मला गाडी काढायला लावली. शांताबाईच्या ओसरीवर बसून तिने सगळं समजावलं: या तारखेपासून कुंपण नसेल तर मालकावर कारवाई होणार. शांताबाईने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, माह्या मंदीले लागू होते काय हा कायदा?"

ताई म्हणाली, "नाही वं. त्या तारखेच्या मागचं त्यात येत नाही."

शांताबाई आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बरं. दुसऱ्याच्या लेकराले तं होईन."

परतताना पारशिवनी मागे पडल्यावर ताईने गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती रडली. आई गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

कुंपण झालं. दर पावसाळ्याआधी ताई तिकडे एक चक्कर मारायची. यंदा मी एकटाच गेलो. शांताबाई आधीच तिथे होती, एकेक खांब दोन्ही हातांनी हलवून पाहत.

"नुसतं पाहू नका म्हणत बाई," ती म्हणाली. "हालवून पाहा म्हणत."

मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.