पाचियाचे शनिवार

पाचिया लोर आमच्या शेजारची मुलगी. तिच्याविषयी सांगायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला असता. पण ज्यांना ही गोष्ट माहीत होती त्यातले बरेच जण गेले, आणि जे उरलेत ते बोलणार नाहीत.

अमेरिकेत, या फ्रेस्नो शहरात, आम्हा मोंग लोकांची वस्ती मोठी; लढाईतून पळून आलेली डोंगराकडची माणसं आम्ही. पाचियाच्या आईबापांनी शहराबाहेर खंडाने जमीन घेतली होती. तिथे शेंगा, कारली, गवती चहा लावायचे आणि रविवारी बाजारात विकायचे. पाच भावंडांत ती थोरली. शाळेत पहिली यायची, नुसती वर्गात नव्हे, सगळ्या शाळेत. बाकीचा वेळ घरचा. कुळात कोणी वारलं की चार दिवस अंत्यविधी चालतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला घालावं लागतं. तेव्हा ती मोठ्या पातेल्यांपाशी उभी असायची. कोणा म्हातारीला दवाखान्यात न्यायचं तर दुभाषी म्हणून तीच.

आणि शनिवारी सकाळी समाजाच्या हॉलमध्ये आमचा वर्ग. तेरा वर्षांची होती तेव्हापासून ती आम्हा म्हाताऱ्यांना इंग्रजी अक्षरं आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न शिकवत होती. आम्ही पंधराएक जण. सगळ्यात द्वाड येर म्हातारी.

"आजी, सांगा, या देशात कायदे कोण करतं?"

"माझी सून."

"परीक्षेत असं सांगाल तर परत पाठवतील."

"कुठे, सुनेकडे? मग नको बाई, सांग काय ते खरं उत्तर."

चार वर्षांत आमच्यातले नऊ जण पास झाले. मी नाही झालो, मी परीक्षेला बसलोच नाही. पण माझं नाव लिहायला आणि सावकाश का होईना, दोन ओळी वाचायला मी तिच्याकडेच शिकलो.

शाळेच्या शेवटच्या वर्षी तिने पूर्वेकडच्या एका मोठ्या विद्यापीठाला अर्ज करायचं ठरवलं. गरिबाघरच्या मुलांना ते सगळा खर्च देतात म्हणे. मी परसात मोहरीच्या भाजीला पाणी घालत होतो, तेव्हा कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, अर्जात दहा रकाने आहेत. अभ्यासाशिवाय काय काय करता ते लिहायचं. माझे नऊ रिकामे."

"तू तर दिवसभर उभीच असतेस."

"घरचं काम कोण लिहितं? त्यांना खेळ, वाद्यं, क्लब असलं काही हवं. शाळेतल्या ओर्तेगा बाई म्हणतात, नुसते मार्क सगळ्यांकडेच असतात. पण शनिवारच्या वर्गाचं ऐकून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, हे दहा रकान्यांच्या बरोबरीचं आहे. फक्त हॉलच्या प्रमुखाने तसं लिहून दिलं पाहिजे."

हॉलचे प्रमुख चोंग नेंग थाव. कुळाकुळांतली भांडणं मिटवणारा माणूस, मोठा मान. आमच्यात समाजाचं काम करणारा स्वतःचं नाव लावत नाही, जे होतं ते प्रमुखाच्या नावाने होतं. त्यामुळे चार वर्षांत हॉलच्या वहीत पाचियाचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटलं नव्हतं. ती त्यांच्याकडे गेली तेव्हा मी तिथेच होतो.

"काका, एक पत्र हवं होतं."

"एकच? अगं, दहा देतो. तू आमची पोर. मी थेट तुझ्या शाळेत पाठवतो, तू काळजी करू नकोस."

दोनतीन आठवड्यांनी एका शनिवारी, वर्ग सुटल्यावर, पाचिया बाजाराची तयारी करायला घरी गेली होती, तेव्हा चोंग नेंग एक छापील कागद घेऊन आले.

"सह्या करा रे सगळे. वर्ग शिकवणाऱ्या मुलीसाठी आहे, तिला मोठ्या शाळेत जायचंय."

"करा, करा," येर म्हणाली, "पोरीने डोकं फोडून घेतलंय आपल्यापायी."

थायलंडच्या निर्वासित छावणीत आमच्यापुढे जो कागद आला त्यावर आम्ही अंगठा उठवला. विचारलं की रांगेतून बाहेर काढायचे. ती खोड अंगात मुरलेली. शिवाय प्रमुखाने दिलेला कागद वाचून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याच्यावर शंका घेणं. चष्मा माझ्या खिशात होता. काढावा असं क्षणभर वाटलंही. पण सगळे माझ्याकडे बघतील, हा कधीपासून वाचायला लागला म्हणून हसतील, या लाजेने मी तो काढला नाही. सही मात्र मी सगळ्यांपेक्षा नीट केली. तिने शिकवली होती तशी.

मार्चअखेर पाचियाला नकार आला. हे तिच्या आईने माझ्या बायकोला सांगितलं. आणि एप्रिलमध्ये चोंग नेंगच्या घरी मोठं जेवण होतं. त्यांच्या मुलीला, केलीला, त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला होता.

दूर जाणाऱ्या मुलाच्या मनगटाला आम्ही पांढरे दोरे बांधतो आणि आशीर्वाद देतो. आम्ही म्हातारे रांगेने उभे राहिलो. मीही दोरा बांधला. "सुखाने जा, तुझा जीव तुझ्यापाशी राहो," असं म्हणालो. पाचिया पलीकडे उकडलेल्या कोंबडीच्या पराती मांडत होती, कारण आमच्यात जेवण असलं की मुलींनी वाढायचं असतं, मग ते कोणाचंही असो.

मग चोंग नेंग उठले. अभिमानाने त्यांनी एक कागद काढला आणि आमच्या भाषेत वाचून दाखवला. आमच्या केलीने चार वर्षं दर शनिवारी वडीलधाऱ्यांना शिकवलं, नऊ जणांना नागरिक केलं, आणि खाली या पंधरा जणांच्या सह्या. एकेक नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. माझं पाचवं होतं.

"कोणी शिकवलं?" येर म्हातारी मोठ्याने म्हणाली. "ही तर हॉलमध्ये खुर्च्या मोजायलाही आली नाही कधी!"

"गप बसा, आजी, जेवा," कोणीतरी म्हणालं. दुसरा कोणी हसला. चोंग नेंगनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "वर्ग हॉलचा आहे. हॉलच्या मुलीने शिकवला, एवढंच." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीसुद्धा.

पाचियाने हातातली परात खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्यापाशी आली.

"आजोबा, तुम्ही सही केलीत?"

"हो."

"वाचलं होतंत?"

मला वाचता आलं नाही, असं सांगता आलं असतं. कोणालाही पटलं असतं, तिच्याशिवाय.

"नाही वाचलं," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आईला हाक मारली आणि दोघी तशाच निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी ओर्तेगा बाईंकडे गेलो. नातवाला दुभाषी म्हणून नेलं. बाई म्हणाल्या, पाचियासाठी पत्र कधी आलंच नव्हतं. त्यांनी हॉलला दोनदा फोन केला, उद्या पाठवतो म्हणाले. मुदत संपली तेव्हा त्यांनी अर्ज तसाच पाठवला. आता बदलता येत नाही. आमचा कागद योग्य नावाने गेला असता तर तिला घेतलं असतं का, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना. मलाही ते आजपर्यंत कळलेलं नाही.

शनिवारचा वर्ग बंद पडला. केली दोनदा शिकवायला आली, मग ऑगस्टमध्ये निघून गेली. पाचिया गावातल्याच कॉलेजात शिकली आणि आता आमच्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात काम करते. आपल्या लोर कुळात कोणी वारलं तर जाते, दुसऱ्या कोणाकडे नाही. कोणा म्हाताऱ्याबरोबर दवाखान्यात जात नाही. हे तिचं बरोबर आहे की नाही, हे मी कोण ठरवणार?

माझी रक्तदाबाची गोळी तिथूनच येते. मी रांगेत उभा राहतो. दुसऱ्या मोंग गिऱ्हाइकांशी ती आमच्या भाषेत बोलते. माझा नंबर आला की इंग्रजीत विचारते, "नाव? जन्मतारीख?" माझी खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. छावणीत कारकुनाने लिहिलेली एक जानेवारी तिने स्वतःच्या हाताने माझ्या कितीतरी अर्जांवर भरलेली आहे. मी इंग्रजीत उत्तर देतो. ती पिशवी पुढे सरकवते आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघते.