धुक्यात चुकलेला फाटा

त्या दिवशी मी देवीकडे जे मागितलं, ते लिहायला आजही हात धजत नाही. मार्गशीर्षातला गुरुवार होता. विंझरला नदीकडून चढलेलं धुकं इतकं दाट, की दारातली तुळस दिसेना. घट मांडला, कलशात आंब्याची पानं लावली, हात जोडले, आणि पोथी उघडायच्या आधीच तोंडातून निघालं, "आई, आता सोडव गं मला यातून."

यातून म्हणजे आबांच्या आजारपणातून. आबा माझे सासरे. दोन वर्षं त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, आणि दिवाळीपासून माझं नावही. आमचे हे वरव्याजवळच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पहाटेच निघून जायचे. मग दिवसभर घरात आबा आणि मी. लोक हसतील म्हणून गावात मी कुणाला काही कळू दिलं नव्हतं. कुणी आलं की आबा झोपलेत म्हणून सांगायचे. आदल्या दिवशी त्यांनी भरलं ताट भिरकावलं होतं, आणि भिंतीवरची आमटी पुसताना मी एकटीच रडले होते.

पोथी वाचून उठले, तर पडवीतली खाट रिकामी. घोंगडी तिथंच, चपला तिथंच, दाराची कडी मात्र काढलेली. परसात पाहिलं, गोठ्यात पाहिलं. हाका मारल्या, पण धुक्यात आवाज पुढं जाईना. मग सकाळचं मागणं आठवलं. मी मागितलं, आणि देवीनं ऐकलं!

नदीकडे धावत सुटले. पाण्याकडे बघायचं धाडस होईना आणि नजर तिथून हलेना. "आई, मी बोलले ते खोटं, ते धरू नकोस," एवढंच पुटपुटत होते. काठावर शेजारच्या काकू भेटल्या. माझा अवतार बघून त्यांनी हातच धरला. "काय झालं गं?"

"काकू, आबास्नी काय बी आठवत न्हाई. दोन वर्सं झाली. म्या कुणाला बोललेच न्हाई. आन् आता ते घरात न्हाईत."

काकूंनी पदर खोचला आणि आळीभर हाक दिली. दहा-बारा माणसं वाटा वाटून धुक्यात शिरली. ह्यांचा मोबाईल लागत नव्हता. मी घरी परतले, तर घटासमोरचा दिवा तेवत होता, पण त्याच्याकडे बघायची मला भीती वाटत होती.

तासाभरानं टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. मागं कापसाची पोती, गाद्या, आणि पुढं लाल नव्या रजईत गुंडाळलेले आबा! टेम्पोवाले चाचा भोरचे, गाद्या भरून देणारे.

"साखरला चाललो हुतो," ते म्हणाले. "धुक्यात मार्गासनीचा फाटा दिसलाच न्हाई, सरळ फुडं आलो. बाबा रस्त्याच्या मधोमध चालत हुते, अनवाणी. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. एकच म्हणायचे, सुनंचा उपास हाय, केळी आणायचीत. मग दारोदार इचारत आलो. तर आज समद्याच सुनांचा उपास!"

सगळे हसले. मी मात्र खाली बसले. आबांचे पाय मांडीवर घेतले. बर्फासारखे गार पडले होते. चोळता चोळता, सगळ्यांसमोर, त्या अनोळखी माणसाला मी सांगून टाकलं, "चाचा, म्या सकाळी देवीपुढं लई वाईट मागितलं हुतं."

चाचा टेम्पोचा दोर आवळत होते. मान न वळवता म्हणाले, "ताई, लेकरू दमलं की आईला काय काय बोलतं. आई समदं मनावर घेती व्हय?"

रजई त्यांनी परत नेली नाही. नुसता चहा घेतला आणि गेले. फाटा का चुकला, हे मी कुणाला पटवत बसत नाही. त्या गुरुवारी देवी आमच्या दारात आली होती, एवढं मला ठाऊक आहे.

आबा बरे झालेले नाहीत. पण आता सारी आळी त्यांच्यावर नजर ठेवते. दुपारी काकू त्यांना उन्हात बसवून पावटे सोलायला देतात, आणि मला घटकाभर डोळा लागतो. भार देवावर टाकते म्हणत दोन वर्षं मीच तो मुठीत आवळून बसले होते. मूठ उघडल्यावर कळलं, देवाचे हात आमच्या आळीतच होते.

काल आबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तू गं कुणाची?"

"तुमचीच की, आबा," मी म्हटलं, आणि सोललेले पावटे त्यांच्या ओंजळीतून सुपात घेतले.