पात सोडली, दारं धरलं

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या स्वभावाला नाव दिलं तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. खरं तर नेलं होतं पोरीला, शाळेत एका जागी बसत नाही म्हणून. तिच्यापेक्षा जास्त प्रश्न त्यांनी मलाच विचारले. मग म्हणाले, ह्याला एडीएचडी म्हणतात, मोठ्या माणसांनाही असतं, लक्ष टिकत नाही, राग पटकन उसळतो आणि आवरत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, लक्षाचं तुम्ही बघा. रागाचं माझं मी कधीच बघितलंय." ते हसले. मी काही गंमत करत नव्हते.

रागाचं मी बघितलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, निमगाव सावाला, कांद्याच्या वाफ्यात.

माझं माहेर डिंभ्याचं. तिथं दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरायचे, आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. लग्न होऊन निमगावला आले ती सावडीत अडकले. सावड म्हणजे आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या सगळ्याजणी माझ्या. मजुरी नाही, पाळीला पाळी. कांद्याची लागण तर आमच्यासारख्यांची सावडीशिवाय होतच नाही. ओल्या वाफ्यात वाकून प्रत्येकीनं आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, धरायची आणि एकेक रोप बोटानं दाबत सरकायचं. माझ्यासारखीला ती शिक्षाच. थोडा वेळ मी सगळ्यांच्या पुढं, मग हात एकदम थांबायचे, नजर भलतीकडं जायची आणि पात मागं पडायची. "हिच्या बुडाखाली मुंग्या हायेत का काय," बायका म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण मला झोंबायचं. माझा राग दुधासारखा, कळेपर्यंत उतू जाऊन चूल विझलेली असायची.

सावडीत सगळ्यांत थोरलीला आम्ही आत्या म्हणायचो. तिला नवरा नव्हता, मुलगा पुण्याला कंपनीत. एके दिवशी तिच्याच रानात लागण चालली होती. कंबर सरळ करायला मी उठले आणि मागं बघते तर ही बाई माझी रोपं उपटून परत लावतेय.

"वरच्यावर लावलीस बाय, पाण्यात तरंगत्याल," एवढंच म्हणाली.

खरंच होतं ते. पण माझे कान तापले आणि हातातली रोपाची जुडी मी वाफ्यात आपटली. चिखल तिच्या तोंडावर उडाला. "तुमचं तुमीच लावा," म्हणून मी निघाले. एकजण समजूत काढायला मागोमाग आली, तर तिलाही नको ते बोलले. माझं ते बघून कामाचा रंगच गेला, बाकीच्याही उठून घरी गेल्या. आत्याचं रान अर्धंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाळी माझी होती. नवऱ्यानं रोप आदल्या दिवशीच उपटून, शेंडे छाटून ओल्या गोणपाटाखाली ठेवलेलं. उपटलेलं रोप थांबत नाही, ऊन लागलं की मान टाकतं. वाफे तयार होते, मोटार चालू होती आणि रानात आम्ही दोघंच. बांधावर कुणी दिसेना. नवरा गोणपाटावर पुन्हा पुन्हा पाणी मारत होता. आमचा वर्षाचा कांदा त्या गोणपाटाखाली पडला होता आणि तो माझ्या तोंडामुळं जाणार होता.

मी तडक आत्याच्या घरी निघाले. माफी मागायची मला लाज वाटत नाही, चुकलं तर मागावी. पण वाटेत मला एक कळलं. माफी मागून बायका येतील, आणि दुपारी मी परत हेच करीन. रागावणार नाही असं वचन मला देताच येत नव्हतं. मग जे देता येत होतं ते दिलं.

"आत्या, चुकलं माझं. पण राग मला परत येनार. आला की मी सांगीन आन निघून जाईन. माझ्या मागं कुणी येऊ नका, मी येते परत. आन पात मी धरत न्हाई. मी दारं धरते, रोप पुरवते. माझी पात ह्ये धरतील."

दारं धरणं म्हणजे फावड्यानं पाटाचं पाणी ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं. गड्याचं काम. सतत पळायचं, बघायचं, माती ओढायची. आत्या माझ्याकडं बघतच राहिली.

"तुझा नवरा बायकांत बसून कांदं लावनार?"

"लावतील. त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा हाय."

आत्यानं हाका मारल्या आणि आल्या सगळ्या. निम्म्या तर ते बघायलाच आल्या असतील. "भाऊ, पदर खोचा की आता," म्हणून त्यांनी नवऱ्याला भंडावून सोडलं. तो थंड माणूस, खाली मान घालून लावत राहिला, आणि काय सरळ लावत होता! मी पाटाकडून वाफ्याकडं, वाफ्याकडून रोपाकडं नुसती पळत होते. अंगात एवढा हुरूप कधी आला नव्हता. हे काम जणू माझ्याच मापाचं होतं.

दुपारी भाकरी खाऊन परत लागलो आणि एक वरंबा फुटला. नुकत्याच लावलेल्या वाफ्यात पाणी घुसलं. मी दुसऱ्या टोकाला होते.

"लक्ष कुटं असतं गं हिचं!" आत्या ओरडली.

कान तापले. फावडं हातात होतं, जिभेवर शब्द आलेला. सगळ्यांचे हात थांबले. अर्धं रान मोकळं होतं, अर्धं रोप गोणपाटाखाली, आणि मी तोंड उघडलं असतं तर त्या तशाच उठून गेल्या असत्या. मी आधी माती ओढून फूट बुजवली. मग फावडं खाली ठेवलं.

"माझं डोकं फिराय लागलंय. मी चालले," असं मोठ्यानं सांगितलं आणि विहिरीकडं गेले.

मोटारीच्या पाण्यात पाय घालून उभी राहिले आणि मला येत होत्या तेवढ्या शिव्या आत्याला मनातल्या मनात दिल्या. मागं कुणी आलं नाही. कान निवले तशी परत गेले. एकीनं मान वर न करता "रोप आण गं" म्हटलं. राग येऊनही काही न मोडता मी परत आले, असं पहिल्यांदाच घडलं होतं. मला रडू येत होतं, पण रोप आणायचं होतं.

दिवस कलला तेव्हा सगळं रान लागलं होतं. पाटावर हातपाय धुताना आत्या म्हणाली, "उद्या माझ्याकडं. निम्मं ऱ्हायलंय."

ते निम्मं कशानं राहिलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू दारं धर, माझ्याकडं धराय कोन हाय," ती पाय चोळत म्हणाली. "आन आमची विहीर लई लांब हाय. डोकं फिरलं तर चिंचंखाली जाऊन बस. मी कुनाला मागं धाडत न्हाई."